शुगरच असन

१९ जानेवारी
नवी डायरी. आज ज्याच्या वावरात बोअर मारला त्याचं खताचं दुकान आहे, त्यानं दिली. सातवी सोडल्यावर एवढ्या कोऱ्या पानाईची वही पहिल्यांदा हातात आली.
बोअर (बो.) २. एकाले ४८० फुटावर पाणी. दुसरा ७०० कोरडा. घरापासून दोन दिवस दूर, इकडं अनंतपूरकडं माती लाल, खाली नुसता दगड. आंघोळ केली तरी कानातून धूळ निघते.
जेवणाच्या सुट्टीत मायचा फोन. बाबा रात्रीतून पाच-सहा वेळा उठते. "तुह्या बापाची शुगर वाढली रे गोपाल. खाट अन् मोरी, मोरी अन् खाट, हेच चालू आहे." माय त्याईले भाकर अर्धी देऊन राह्यली, सकाळी कारल्याचा रस.
मी बाबाले झापलं. बाजारात चहावाला मित्र आहे, साखरेचा चहा पेत असान. बाबा म्हणे, "हाव बाप्पा, बोलाचा तूच एक राह्यला होता." अन् फोन कट.
आठ वर्षांची शुगर आहे. सगळ्या अमडापूरले माहीत.

२० जानेवारी
काल बाबावर चिडलो ते बरं नाही केलं.
बाबा कासार. अमडापूरचा बाजार अन् आजूबाजूचे तीन, असे चार बाजार धरते. बायाईले बांगड्या भरते, लग्नसराईत नवरीचा चुडा. मलेही शिकवला होता. चार बोटं जवळ दाबायची, अंगठा आत घ्यायचा, बांगडी फिरवत फिरवत चढवायची, दुखलं नाही पायजे. शाळेतले पोट्टे समोर उभे राहून शिट्या मारत. सोळाव्या वर्षी पळालो. पुण्यात हॉटेल, सुरतेत साड्याची पॅकिंग, चाकणले कंपनी, अन् आता ही बोअरची गाडी. गाडी एका गावात तीन दिवसाच्या वर थांबत नाही म्हणून मी टिकलो.
बाबा कधी ये म्हणाले नाही. जा पण म्हणाले नाही.

२६ जानेवारी
रशीदचाचाचा फोन. चाचा बाजारात बाबाच्या शेजारी बसते, कंगवे, आरसे, सुरमा. वीस वर्षांपासून दोघाईच्या ताडपत्र्या एकमेकीले बांधलेल्या.
"बेटा, तुहा बाप आज बाजारात लुढकला. घाबरू नको, उठला. मीच गूळ चारला."
मंग सारं सांगतलं. बाबा बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणीच पेत नाही. पेलं तर उठा लागते, अन् उठता येत नाही. आजोबापासूनचा नेम आहे आमच्यात. बाईचा हात हातात घेतला का पुरा भरूनच सोडायचा. अर्धा हात सोडून कासार उठला तर त्या बाईचं वाईट चिंतलं असं होते. रांग लागली का बाबा तीन तीन घंटे तसेच. वरून शुगर वाढली म्हणून आज आपल्याच मनानं एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या, पोटात अर्धी भाकर. मेडिकलवाल्यानं बोट टोचून पाह्यलं तर शुगर बासष्ट. वाढली नव्हती, तळाले गेली होती.
चाचा म्हणे, "शुगर इतकी खाली, पोटात पाण्याचा थेंब नाही, तरी हा माणूस घडीघडी उठाले पाहते. मंग ही शुगर कशी रे?"
मी म्हटलं, "शुगरच असन चाचा. दुसरं काय असन?"
हे मीच म्हटलं. लिहून ठेवतो.

३ फेब्रुवारी
बो. १. रॉड अडकला, दिवस त्यातच गेला.
चाचा बाबाले चिखलीले घेऊन गेले. तीन महिन्यांची शुगर काढली, बरी निघाली, पहिल्यापेक्षा चांगली. बाबा खुश. पण तिथल्या डॉक्टरीण बाईनं विचारलं, धार कशी आहे? लघवी सुरू व्हायले वेळ लागतो का? आठ वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं, अन् बाबानं कधी सांगतलं नव्हतं. बाबा खाली पाहत बसले. जन्मभर बायाईचे हात हातात धरले अन् एका बाईसमोर तोंड उघडेना. शेवटी चाचाच बोलले, "म्याडम, धार कुठची, थेंब थेंब आहे. मी बाहेर उभा राहून चार बिड्या ओढतो तवा हा येते."
बाईनं बुलढाण्याले लघवीच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. म्हणे हे सगळं शुगरवर ढकलू नका.

७ फेब्रुवारी
बुलढाण्याले जाऊन आले. बाबाले विचारलं काय झालं, तर म्हणे, "काही नाही. डोंगरावर थंडी लय आहे." बस.
चाचाले लावला. चाचा हसून हसून बेजार. "तुह्या बापानं चार बाजारातल्या बायाईचे हात दाबले, अन् आता डॉक्टरनं एक बोट लावलं तर येताना एस्टीत माह्याशी बोलला नाही."
मंग हसणं थांबलं. डॉक्टरनं मागून बोट घालून तपासलं. लघवीच्या पिशवीच्या खाली पुरुषाले एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात, वय झालं का वाढते. बाबाची वाढली आहे, अन् एका बाजूनं कडक लागते. दगडासारखी. रक्ताचा एक आकडा असतो तो सात आला. तोही जास्त आहे. आता अकोल्याले जाऊन सुईनं तुकडा काढायचा अन् तपासाले पाठवायचा. तारीख २० फेब्रु.
"कशासाठी तपासाचा, चाचा?"
चाचानं बिडी पेटवल्याचा आवाज आला. मंग म्हणे, "तू समजदार आहे बेटा."
मले समजदार कोणी पहिल्यांदाच म्हटलं.

८ फेब्रुवारी
कामात लक्ष नाही. आमचा ड्रिलर सेल्वम अण्णा, तमिळ आहे, आमची दोघाईची भाषा तुटकी हिंदी अन् हातवारे. त्यानं दोनदा हटकलं, "हाथ संभाल रे, हाथ जाएगा."
मायले सांगू नको, असं बाबानं चाचाले सांगतलं. चाचानं मले. म्हणजे आता मायले सोडून सगळ्याईले माहीत.

९ फेब्रुवारी
सापडलं!
सकाळपासून मोबाईलवर पाहत होतो. शुगर टाकलं, प्रोस्टेट टाकलं, कॅन्सर टाकलं. एक पांढऱ्या कोटवाला डॉक्टर, मागं पुस्तकाचं कपाट, साफ सांगते: ज्याईले शुगर आहे त्या पुरुषाईत प्रोस्टेटचा कॅन्सर कमी दिसते. कमी! तेवढंच तीनदा पाह्यलं. बाबाले पाठवलं, चाचाले पाठवलं.
घंट्याभरानं बाबाचा फोन, आपणहून. "वा रे माह्या डॉक्टर! म्हणजे शुगरनं काहीतरी भलं केलं म्हण आपलं." दोघं लय दिवसानं हसलो. मायचा आवाज मागून, काय झालं हो, काऊन हसता?
अण्णाले केळं-बिस्किट चारलं.

१५ फेब्रुवारी
आज एका वावरात १४० फुटावर ओला गाळ आला. मालक नाचला, नारळ फोडला, म्हणे पाणी लागलं, बंद करा. अण्णा म्हणे, "ये ऊपर का है. रुकना नहीं." मालक ऐकेना. गाडी हलवली.

१७ फेब्रुवारी
त्याच मालकानं परत बोलावलं. बोअर कोरडा पडला. अण्णा रॉड जोडत गेला. ५१० ले पाणी.

२४ फेब्रुवारी
बाबा अकोल्याले गेलेच नाही. २० तारीख गेली. आज माय सहज बोलून गेली, "मंगळवारी तर घरीच होते ते, बांगड्या निवडत बसले होते."
चाचाले विचारलं. चाचा चिडले. "तुह्या त्या व्हिडिओनं घात केला बे. मी गाडी ठरवून दारात उभा, अन् हा मोबाईल काढून मलेच दाखवते. अमडापूरच्या बाजारात प्रत्येकाले दाखवला. माह्या पोरानं पाठवला म्हणे, माहा पोरगा काय खोटं सांगन?"
बाबाले फोन. "जा ना बाबा. तपासाले काय जाते?"
"तूच तर म्हटलं होतं कमी होते."
मीही २० तारखेले फोन केला नव्हता. व्हिडिओवर माहाच जास्त भरवसा होता. तारीख डोक्यात होती, तरी नाही केला.

२८ फेब्रुवारी
बो. ३. तिन्हीले पाणी.
बाबाले फोन केला, उचलला नाही.

८ मार्च
चाचाचा फोन. आवाज वेगळा.
बाजारात एका नवरीचा चुडा होता. हिरव्या बांगड्या, दोन्ही हात कोपरापर्यंत. नवरीची आई, मावश्या, करवल्या सगळ्या गोल करून बसल्या. उजवा हात भरला. डावा अर्धा झाला अन् बाबाले घाम फुटला. चाचा म्हणे उठ. बाबा उठेना. ओठ दाबून एक एक बांगडी चढवत होते. नवरी म्हणाली, "काका, थांबा ना, जाऊन या." तरी नाही. मंग हातच थांबले. उठले, आडोशाले गेले, अन् काही होईना. एक थेंब नाही. पोट फुगून दगड. मोठ्यानं ओरडले, सगळ्या बाजारानं पाह्यलं.
चिखलीले नेलं, नळी टाकली. नळीले पिशवी. डॉक्टरीण बाई चाचावर रागावली, एवढे दिवस कुठं होते म्हणून.
नवरीच्या हाताचं काय झालं, मी विचारलं. काऊन विचारलं ते माहीत नाही.
"तुह्या बापानं गाडीत बसता बसता मले शपथ घातली. चिखलीवरून आल्यावर मीच भरल्या उरलेल्या, नवरी तशीच थांबली होती. कंगवे विकणारा माणूस. दोन वाढल्या माह्या हातून. सगळ्या बाया हसल्या, नवरी नाही हसली." बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाही, वाढली म्हणते.
आता मायलेही माहीत झालं.

९ मार्च
अण्णाले सांगतलं, बाप अस्पताल. अण्णानं गाडीच्या मालकाले फोन लावला, तमिळमध्ये बराच भांडला, मंग म्हणे, "जा. जल्दी वापस." बॅग काय भरायची, दोन पँटा अन् ही डायरी.

११ मार्च
घरी. रेल्वे, मंग एस्टी, मंग परत एस्टी.
बाबा खाटेवर, पिशवी टॉवेलनं झाकलेली. वजन उतरलं. मले पाहून म्हणे, "आला का." मी म्हटलं, आलो. एवढंच.
माय चुलीपाशी बोलली, "मी बायको आहे का शेजारीण? चाचाले माहीत, तुले माहीत, मी आपली कारलं पिळून राह्यली."

१३ मार्च
बाबा, मी अन् चाचा बुलढाण्याले. डॉक्टरसमोर मोबाईल ठेवला. म्हटलं, सर, यात तर म्हणते शुगरवाल्याले कमी होते. खोटं आहे का?
वाटलं हसतील. हसले नाही. मी दाखवला तेवढा व्हिडिओ नीट पाह्यला.
"खोटं नाही. शुगरवाल्यांमध्ये हा कॅन्सर थोडा कमी आढळतो, हे खरं आहे. पण कमी म्हणजे होतच नाही, असं नाही. उलट ज्याला होतो, त्याची शुगर बेताल असेल तर तो आजार जास्त त्रास देतो. आणि रक्तातला हा आकडा शुगरवाल्यांचा कधी कधी आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून तुमच्या वडिलांचा सात बघून मी निवांत बसणार नाही."
बाबा भिंतीवरच्या चित्राकडे पाहत होते.
मी विचारलं, निघालाच तर?
म्हणे औषधं आहेत, सुया आहेत, ऑपरेशन आहे. लवकर सापडला तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. पण त्यातल्या काही सुयांनी शुगर चढते. म्हणून दोन्हीकडं एकदम बघावं लागेल. गोळ्या आपल्या मनानं कमी-जास्त करायच्या नाहीत, जेवण सोडायचं नाही, पाणी तोडायचं नाही.
"आधी तुकडा तपासू द्या. त्याच्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही."
लघवीत जंतू आहेत, पहिले त्याच्या गोळ्या. मंग अकोला, १९ तारीख.
येताना बाबा एस्टीत खिडकीकडं तोंड करून.

१६ मार्च
बाबा नाही म्हणते. "मी नाही जात. एकदा म्हणते कमी होते, एकदा म्हणते होते. नळी काढली का मी बरा."
मी सांगतलं, चूक माही आहे. व्हिडिओचं अर्धंच ऐकलं अन् तसाच पाठवला. पुढं तो डॉक्टर काय बोलला ते म्या पाह्यलंच नव्हतं. आज पुरा पाह्यला. शेवटी तोही म्हणते, त्रास असन तर तपासून घ्या.
बाबा म्हणे, "त्या बुलढाण्यात एकदा झालं तेवढं पुरं. अजून किती जणाईसमोर निजू मी तसा?"
माय आतून बाहेर आली, परत आत गेली.

१७ मार्च
आज ती नवरी आली. आईसंग, स्कुटीवर. लग्न २२ ले आहे. काकाले पाहाले आलो म्हणे. चाचानं भरलेला डावा हात, मधात दोन बांगड्याची जागा रिकामी, ती तिनं तशीच ठेवली होती. आई म्हणे, "लय सांगतलं दुसरीकडून भर, ऐकत नाही. काकानं धरलेला हात आहे म्हणते."
बाबानं पेटी मागतली. उठून बसले, टॉवेल सारखा केला. तिचा हात घेतला. पहिली बांगडी मधातच अडकली. पोरीनं आवाज नाही केला.
बाबानं माह्याकडं पाह्यलं. सात वर्षांनी मी बाईचा हात धरला. चार बोटं दाबली, अंगठा आत. कपाळाले घाम. बाबा बाजूनं म्हणे, "फिरव. ढकलू नको, फिरव." दोन्ही चढल्या. पोरगी खाटेजवळ वाकून बाबाच्या पाया पडली अन् मंग माह्याही पडाले आली, तर मी मागं सरकलो. माय हसली, दहा दिवसात पहिल्यांदा.
त्या गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, दोन बांगड्या राहिल्या तर तुमाले नऊ दिवस चैन नव्हतं. अन् अकोल्याचं अर्धं सोडून बसले. तो हात नाही का?"
बाबा पेटीतल्या बांगड्या लावत बसले. हिरव्या एकीकडं, लाल एकीकडं.
मंग म्हणे, "किती वाजताची गाडी आहे १९ ले?"

१९ मार्च
अकोला. तुकडे काढले. बारा. आत मले नाही घेतलं. बाहेर बाकावर आमच्यासारखे लय बाप-लेक बसलेले, कोणी कोणाले विचारत नव्हतं. बाबा बाहेर आले, म्हणे, "एवढं काही नाही. टिचकी मारल्यासारखं वाटते." मंग एका म्हाताऱ्याले, जो आत जायचा होता, त्याले आपणहून तेच सांगतलं.
रिपोर्ट ३० ले.

२४ मार्च
अण्णाचा फोन. "कब आता?" म्हटलं, पता नहीं अण्णा. तिथं रॉडचा आवाज येत होता मागून. पाय शिवशिवते, खोटं काऊन लिहू. सकाळी एस्टी गेली का मान वळते तिकडं.
पण शुगर मोजायचं मशीन मीच चालवतो आता. सकाळी जेवणाआधी, मंग दोन घंट्यानं. डायरीच्या शेवटच्या पानावर आकडे. मायनं पूर्ण भाकर सुरू केली, कारलं बंद. आज १३०. बाबा विचारते, "पास का नापास?"

२७ मार्च
बाजार. बाबाच्या जागेवर मी बसलो. बाबानंच पाठवलं, म्हणे, ताडपत्री रिकामी राह्यली तर चाचा एकटा पडते. आठ हात भरले. एक बाई म्हणे, "बाप बरा धरते." चाचा म्हणे, "बापाले चाळीस वर्ष लागले ताई, याले चाळीस मिनिट तं द्या."
शिट्या मारणारे पोट्टे आता लेकरावाले झाले. त्यातल्या एकाची बायको बांगड्या भरून गेली.

३० मार्च
रिपोर्टसाठी सकाळची अकोला एस्टी, तिच्यातच लिहून राह्यलो. मी, बाबा, चाचा. माय पण येतो म्हणे, मंग चौघं. तिनं डबा घेतला, अन् पाण्याचा तांब्या. नळी तशीच आहे.
मधात एका स्टँडवर गाडी वीस मिनिट थांबली. बाबानं पाणी मागतलं. मायनं नळावरून तांब्या भरून दिला. बाबा पेत राह्यले, एका दमात, गळ्याची गाठ वर-खाली. आम्ही तिघं पाहत होतो. किती दिवसांनी बाबाले पोटभर पाणी पेताना पाह्यलं असन. महिने झाले असतील.
चाचा म्हणे, "अबे, बस कर. स्टँडवरची टाकी आटन."
बाबानं तोंड पुसलं. म्हणे, "आता कोणाचा हात अर्धा सोडून उठा लागत नाही." पिशवीकडं पाह्यलं, टॉवेल ओढला.
कंडक्टरनं घंटी वाजवली. बाबानं तांब्या पुढं केला.
"अजून आण."
मी नळाकडं पळालो.